एचडीआर फोटोत दुहेरी कडा, घुमटाभोवती पट्टा, मळका पांढरा: दर वेळी हेच का होतं आणि कुठे शोधायचं

गेल्या हिवाळ्यात दीक्षाभूमीचा संध्याकाळचा एचडीआर फोटो (कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो मिसळून बनवलेला) मोठा छापून घरी आणला. आईने चष्मा लावला, फोटो दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "काहून रे, दीक्षाभूमी इतकी मळकी काहून दिसून राहिली?" बाजूला भाची उभी होती. तिने बोट ठेवलं ते दुसऱ्याच जागी. "मामा, घुमटाच्या मागे ही काळी सावली कशाची?"

दोघींचं बरोबर होतं. संगमरवर राखेच्या रंगाचा झाला होता, आणि घुमटाच्या कडेने आकाशात एक गडद पट्टा उमटला होता जो तिथे उभं राहून कधीच दिसत नाही. भिंग घेऊन बसलो तर तिसरी गोष्ट सापडली: प्रवेशद्वाराजवळचा पंचशील ध्वज एकाच्या जागी अडीच झाला होता.

नागपुरात झिरो माइलचा खांब, रामझुला पूल, वर्धा रोडचा दुमजली पूल, फुटाळा तलाव, कुठेही गेलो तरी हेच तीन दोष आलटून पालटून येत होते. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर बदललं. त्याने दोषाचं रूप बदलायचं, दोष जायचा नाही. आता वर्षभर घोटाळ्याच्या फाइली पुन्हा उघडून पाहिल्यावर एक क्रम हाती लागला आहे, तो इथे देतो. ज्यांना हाच त्रास होतो आहे त्यांनी स्लायडरला हात लावण्याआधी हे करून पाहा.

आधी ठरवा, दोष फ्रेममध्ये आहे की टोन मॅपिंगमध्ये

एचडीआरची रीत साधी आहे. एकाच दृश्याचे कमी, मध्यम आणि जास्त एक्स्पोजरचे फोटो घ्यायचे, त्यांतून दृश्यातला खरा उजेड परत काढायचा आणि मग तो स्क्रीनवर मावेल असा दाबून बसवायचा. पहिल्या भागाची पक्की मांडणी पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ साली केली. त्या मांडणीत एक अट गृहीत आहे: दोन फ्रेममध्ये एक्स्पोजर सोडून दुसरं काहीही बदललेलं नाही. कॅमेरा हलला नाही, दृश्य हललं नाही, उजेड तोच आहे. ही अट मोडली की दुहेरी कडा येतात. दाबून बसवायचं काम, म्हणजे टोन मॅपिंग, चुकलं की पट्टा आणि मळकटपणा येतो. हे दोन आजार वेगळे आहेत, त्यांचं औषधही वेगळं, आणि आपण बहुतेक वेळा एकाचं औषध दुसऱ्याला देतो.

ओळखायची पद्धत अशी. तिन्ही मूळ फ्रेम गिंपमध्ये किंवा तुमच्या नेहमीच्या प्रोग्राममध्ये एकावर एक लेयर म्हणून उघडा. शंभर टक्के झूम करा. वरचा लेयर चालू-बंद करत राहा आणि नजर एकाच बारीक गोष्टीवर ठेवा: खांबाचं टोक, पाटीवरचं अक्षर, खिडकीची चौकट. ती उडी मारते का? सगळं चित्र सारखीच उडी मारतं, की एखादीच वस्तू? की काही ठिकाणी उडी आणि काही ठिकाणी नुसती लाट? हे तीन प्रकार तीन वेगळी कारणं सांगतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण मी ते जवळपास सहा महिने केलं नव्हतं आणि त्यात बरीच संध्याकाळची वेळ वाया गेली.

काहीच उडी मारत नसेल तर फ्रेम जुळलेल्या आहेत. दिव्यांखाली रंगाचे डाग असतील तर आधी 'उजेडच बदलला तर' हा भाग पाहा. नाहीतर सरळ पुढे घुमटाच्या पट्ट्याकडे या.

सगळं चित्र एकसारखं सरकतं

म्हणजे कॅमेरा हलला. इथे माझी समजूत अशी होती की ट्रायपॉड लावला की काम झालं. तसं नाही.

रामझुल्याचे फोटो काढायला मी रेल्वेवरच्या एका पुलाच्या फुटपाथवर उभा होतो. मधली फ्रेम १/४ सेकंदाची. कमी एक्स्पोजरची फ्रेम धारदार, मधली बरी, आणि १ सेकंदाची सगळ्यात उजळ फ्रेम विस्कटलेली. झुल्याच्या तारा तिच्यात दोरीसारख्या जाड दिसत होत्या. ट्रायपॉडच्या पायाला हात लावून उभा राहिलो तेव्हा समजलं. शहर बस गेली की पूल हलतो, तळव्यांना जाणवत नाही पण बोटांना जाणवतं. बस गेल्यावरही पाच-सहा सेकंद ती थरथर राहते.

त्यामुळे पुलावर उभे असाल तर सिग्नलवर नजर ठेवा. एका बाजूची वाहनं थांबून दुसरी सुटायच्या आत जो मोकळा क्षण मिळतो, त्यात तिन्ही फ्रेम संपवा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, तो वर गेला की तिपाईचा खांब होतो. बॅग खाली अडकवा, पण जमिनीला टेकेल अशी. लोंबकळती बॅग वाऱ्याने झुलते आणि त्रास वाढवते. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा. दोन सेकंदांचा टायमर लावा. बऱ्याच कॅमेऱ्यांत ब्रॅकेटिंग (कमी-जास्त एक्स्पोजरच्या फ्रेम ओळीने काढणं) चालू असताना टायमर एकदा दाबला की तिन्ही फ्रेम आपोआप निघतात, म्हणजे मध्ये बटणाला हात लागत नाही. आरसा असलेला जुना डीएसएलआर असेल तर १/३० ते १ सेकंद या टप्प्यात आरशाचा धक्काही दिसतो, तेव्हा मिरर लॉक वापरा.

थोडी सरक सॉफ्टवेअर भरून काढतं. ते कसं, हे माहीत असलं की त्याच्या मर्यादा कळतात. कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम एकमेकींशी थेट जुळवता येत नाहीत, कारण एकीत भिंत काळी तर दुसरीत पांढरी असते. ग्रेग वॉर्ड यांनी २००३ मध्ये एक सुंदर युक्ती दिली. प्रत्येक फ्रेमचा मधला उजेड काढायचा, त्याच्या वरचं सगळं पांढरं आणि खालचं सगळं काळं करायचं. एक्स्पोजर कितीही बदललं तरी हा काळा-पांढरा नकाशा जवळपास तोच राहतो, मग एक नकाशा दुसऱ्यावर सरकवून बसवायचा. पण लक्षात घ्या, ही पद्धत अख्खी फ्रेम एकदम सरकवते. फ्रेमचा प्रत्येक तुकडा वेगवेगळा सरकला असेल तर तिला काही करता येत नाही. नागपुरात उन्हाळ्यात नेमकं तेच होतं.

जागोजागी लाटा

एप्रिलच्या दुपारी वर्धा रोडवर लांब पल्ल्याच्या लेन्सने काढलेल्या फ्रेम पाहिल्या तर काठावरचं झाड जागेवर असतं, पण दूरचे खांब तीन फ्रेममध्ये तीन प्रकारे वाकलेले असतात. डांबरावरची हवा तापते, पातळ होते, वर उठते, वरची थोडी गार हवा खाली येते. उजेड या थरांतून जाताना क्षणाक्षणाला वेगळा वळतो. रस्त्यावर मृगजळ दिसतं ते याच कारणाने. दोन फ्रेममध्ये अर्ध्या सेकंदाचं अंतर असलं तरी तेवढ्यात हवेची रचना बदललेली असते.

यावर सॉफ्टवेअरचा कुठलाही अलाइन (फ्रेम जुळवायचा) पर्याय चालत नाही. मी सगळे करून पाहिले आहेत. मे अखेरच्या नवतप्यात तर नादच सोडा. उन्हाळ्यात सकाळी साडेसातच्या आत काम उरका, किंवा विषयाच्या जवळ जाऊन रुंद लेन्सने काढा, म्हणजे मधली तापलेली हवा कमी होईल. तळ्याकाठी हा त्रास बराच कमी असतो, त्यामुळे उन्हाळ्यात मला अंबाझरी आणि फुटाळा जास्त जवळचे वाटतात.

एकच वस्तू उडी मारते

ध्वज, झाडाची फांदी, चालणारी माणसं, मेट्रो. इथे सॉफ्टवेअरचं डिघोस्टिंग (दुहेरी प्रतिमा काढणं) चालतं, पण त्याचं काम समजून घ्या. सॉफ्टवेअरला जिथे हालचाल वाटते तिथे ते तिन्ही फ्रेम मिसळायचं सोडून एकाच फ्रेममधला तुकडा घेतं. ती फ्रेम अंधारी असेल तर तो तुकडा उजळताना त्यात दाणे उठतात. माझ्या ध्वजाच्या भोवती असाच एक खरखरीत ढग आला होता.

मी आता हे हाताने करतो. तयार एचडीआर चित्राखाली मधली फ्रेम ठेवतो आणि लेयर मास्कने फक्त ध्वजाच्या जागी ती दिसू देतो. ब्रश मऊ, अपारदर्शकता साठ-सत्तर टक्के, दोन-तीन फेऱ्या. ध्वजाचे पाचही रंग नीट वेगळे दिसले पाहिजेत, त्यात तडजोड करायची नाही. त्यासाठी मधली फ्रेम वाऱ्याच्या एका झुळकीनंतर, ध्वज थोडा स्थिर झाल्यावर मिळालेली असावी. म्हणून एकाच जागी तीन-तीन फ्रेमचे चार-पाच संच काढून ठेवा. कार्डात जागा भरपूर असते.

उजेडच बदलला तर

हा दोष ओळखायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. फ्रेम जुळतात, काहीही हललेलं नाही, तरी रस्त्यावरच्या दिव्यांखाली रंगाचे विचित्र डाग येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे तिच्यावर चालणारे कितीतरी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/४०० असेल तर त्या चक्राचा फक्त चौथा हिस्सा पकडला जातो, कधी उजळ हिस्सा, कधी मंद. १/२५ च्या फ्रेममध्ये मात्र चार पूर्ण चक्रं येतात. आता या दोन फ्रेममधला फरक फक्त शटरचा उरला नाही, आणि गणित तिथेच बिघडतं.

उपाय सोपा आहे. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर आणा, लेन्सचं छिद्र एफ/८ किंवा एफ/११ करा, म्हणजे सगळ्यात वेगवान फ्रेमसुद्धा १/१०० किंवा त्याहून संथ होते. १/१००, १/२५, १/६ असा संच मिळाला तर उत्तम.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे ऑटो आयएसओ चालू राहणं. कॅमेरा मग शटरऐवजी आयएसओ बदलतो आणि उजळ फ्रेम दाणेदार होते. छिद्रही बदलता कामा नये, नाहीतर किती अंतरापर्यंत चित्र स्पष्ट येतं तेच बदलतं. फक्त शटर बदलायचं. दोन एक्स्पोजर व्हॅल्यूचं अंतर म्हणजे चौपट वेळ, हे डोक्यात ठेवलं की स्क्रीनवरचे आकडे पाहून लगेच कळतं की ब्रॅकेटिंग खरंच चालू आहे का. रात्री लांब एक्स्पोजरचं नॉइज रिडक्शनही बंद ठेवा. १५ सेकंदांच्या फ्रेमनंतर कॅमेरा आणखी १५ सेकंद काळी फ्रेम काढत बसतो आणि तेवढ्यात आकाशाचा रंग उतरतो.

घुमटाभोवतीचा पट्टा

आता भाचीचा प्रश्न. टोन मॅपिंगच्या स्थानिक पद्धती प्रत्येक बिंदूचा उजेड त्याच्या शेजाऱ्यांच्या सरासरीशी ताडून पाहतात. शेजार अंधारा असेल तर बिंदू उचलायचा, शेजार उजळ असेल तर दाबायचा. सपाट भिंतीवर हे छान चालतं. कडेवर फसतं.

संध्याकाळी दिव्यांनी उजळलेला घुमट घ्या. त्याच्या अगदी लगतच्या आकाशाच्या शेजारात पांढरा घुमट येतो, सरासरी वाढते, म्हणून ते आकाश दाबलं जातं. दूरच्या आकाशाचा शेजार सगळा अंधारा, म्हणून ते उचललं जातं. मध्ये गडद पट्टा तयार होतो. तीच आपली काळी सावली. सकाळी झिरो माइलला याच्या उलट होतं. उन्हाच्या विरुद्ध बाजूने काढला तर वाळूच्या दगडाचा खांब आणि ते चार घोडे सावलीत, मागे झगझगीत आकाश. तिथे खांबाभोवती पांढरं वलय येतं, जणू मागे ट्यूबलाइट लावली आहे. पट्टा काळा की पांढरा एवढं पाहिलं तरी कळतं की कोणती बाजू जास्त ओढली गेली.

आता औषध. पहिलं, स्ट्रेंग्थ अर्ध्यावर आणा. दुसरं, शेजाराची त्रिज्या बदलून पाहा. काही प्रोग्राम तिला रेडियस म्हणतात, काही स्मूदिंग. त्रिज्या मोठी केली की पट्टा रुंद आणि फिका होतो, लहान केली की अरुंद आणि ठळक. रुंद, फिका पट्टा डोळ्याला आकाशातला नैसर्गिक चढ-उतार वाटतो, म्हणून मोठीच ठेवा. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचं, टोन मॅपिंग सोडून एक्स्पोजर फ्यूजन करा. मर्टेन्स, काउत्झ आणि व्हान रीथ यांनी २००७ मध्ये मांडलेल्या या रीतीत मधली एचडीआर फाइल बनतच नाही. प्रत्येक जागी ज्या फ्रेममध्ये तपशील, रंग आणि उजेड चांगला आहे तिला जास्त वजन देऊन फ्रेम थेट मिसळतात. फुकट मिळणारा एनफ्यूज हे काम करतो, आणि ह्यूगिन या फोटो जोडायच्या प्रोग्रामसोबत मिळणाऱ्या साधनाने आधी फ्रेम जुळवून घेता येतात. इमारत आणि आकाश यांची कडा यात कितीतरी स्वच्छ राहते.

पण खरं औषध वेळ आहे. सूर्य मावळल्यावर नागपुरात थोड्या वेळात आकाश काळं होतं. त्यात मधली सात-आठ मिनिटं अशी येतात की आकाशाची निळाई आणि घुमटावरचा दिव्यांचा उजेड जवळपास सारखे असतात. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास जातो, जूनमध्ये सातच्या आसपास, त्यानुसार निघायची वेळ ठरवा. त्या मिनिटांत काढलेल्या फ्रेममध्ये दाबण्यासारखं फारसं उरतच नाही, म्हणून पट्टाही येत नाही. माझा छापलेला फोटो त्यानंतर अर्ध्या तासाने काढलेला होता.

मळका पांढरा

आईच्या तक्रारीचं उत्तर आकड्यांत मिळालं. मूळ मधल्या फ्रेममध्ये घुमटाच्या उजळ भागावर कर्सर ठेवला तर २५५ पैकी २३५ च्या आसपास वाचन येत होतं. तयार चित्रात तीच जागा १७० ला उतरली होती. १७० म्हणजे पांढरा नाहीच, तो करडा आहे. अंधार आणि उजेड दोन्ही मध्याकडे ओढायचे हा टोन मॅपिंगचा धर्मच आहे, त्यात पांढऱ्याचा बळी जातो. वर स्थानिक कॉन्ट्रास्ट वाढवला की दगडांच्या सांध्यांतल्या बारीक सावल्या गडद होतात आणि सगळा घुमट धुळकट दिसतो. संगमरवर, ग्रॅनाइट आणि धोलपूरचा दगड वापरून उभा केलेला तो स्तूप आहे. शिव दान मल यांनी त्याचा आराखडा केला, २००१ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे दीक्षा दिली त्या जागेचं हे रूप आहे. आमच्या घरात तो शुभ्रच लक्षात आहे, आणि फोटोतही तसाच यायला हवा.

मी आता असं करतो. टोन मॅपिंग झालं की त्यावर मूळ मधली फ्रेम लेयर म्हणून टाकतो, अपारदर्शकता पन्नास टक्क्यांच्या आसपास, आणि मास्कने ती फक्त घुमटावर आणि तोरणांवर ठेवतो. मग लेव्हल्समध्ये पांढरा बिंदू ओढून घुमटाचं वाचन पुन्हा २३० च्या वर आणतो. २५० च्या पुढे नेत नाही, नाहीतर गोलाई जाऊन घुमट कागदातून कापल्यासारखा सपाट होतो. हे सगळं १६ बिट टिफवर करा. ८ बिट जेपेगवर केलं की संध्याकाळच्या आकाशात पायऱ्या पडतात.

धुळीचे ठिपके हा छोटा विषय, पण आकाश ओढलं की सेन्सरवरचा प्रत्येक कण दिसायला लागतो. निघण्याआधी एफ/१६ वर कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढून पाहा, तेवढं पुरे.

तीन फ्रेम पुरतात का

कमी एक्स्पोजरच्या फ्रेमचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटू नये, जास्त एक्स्पोजरच्या फ्रेमचा डाव्या भिंतीला. तिन्हीत हे साधलं तर पुरतात. महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या ओसरीवरून उन्हातलं अंगण घ्यायचं असेल तर नाही पुरत. तिथे मी पाच, कधी सात फ्रेम काढतो. लाकडी तुळया काळ्या ठोक आणि अंगण आगीसारखं, इतका फरक तीन फ्रेममध्ये बसत नाही.

आणि कधी तीनही नकोत. वर्धा रोडच्या दुमजली पुलाखाली, जिथे डोक्यावर गाड्यांचा रस्ता आणि त्याच्याही वर मेट्रो आहे, तिथे मी चार वेळा ब्रॅकेटिंग करून हरलो. खाली ऑटो, बाजूला बस, वर मेट्रो, सगळंच चालतं. डिघोस्टिंग तरी कशाकशाला लावणार? पाचव्यांदा एकच रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली) फ्रेम घेतली, एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडाने एक्स्पोज करून, म्हणजे खांबांच्या मधून दिसणारं आकाश फुटलं नाही. १४ बिट रॉमध्ये सावलीत बरंच काही शिल्लक असतं. घरी येऊन पुलाखालचा भाग दोन स्टॉप उचलला, थोडे दाणे आले, ते साफ केले. खांबावरचं काँक्रीटचं पोत दिसतं, आकाश निळं आहे आणि ऑटो एकच आहे.